प्रिपोझिशन रिकाम्या जागेत शिकवू नका

वानलेस डॉक्टरांच्या काळापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथल्या नर्सिंगच्या मुलींना आता इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलियाचे वेध लागलेले असतात आणि तिकडे जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी या मुलींचा वर्ग घेते. बऱ्याच जणी ‘ओईटी’ देतात. खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची ही परीक्षा. तिच्या लेखनाच्या भागात एका रुग्णाच्या नोंदी हातात देतात आणि त्यावरून साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायला सांगतात. रुग्ण दुसऱ्याच्या हवाली करताना लिहितात ना, तसलं पत्र.

जत तालुक्यातल्या एका मुलीनं सरावासाठी असंच एक पत्र लिहून आणलं. मधुमेहाचे आजोबा, रात्रीचं इन्सुलिन १० युनिट, साखर उतरेना म्हणून डॉक्टरांनी डोस १४ युनिट केला. तिनं लिहिलं होतं, ‘द डोस वॉज इनक्रीज्ड बाय फोर्टीन युनिट्स’. पत्र नेटकं, स्पेलिंगची एकही चूक नाही. पण ‘बाय फोर्टीन’ म्हणजे चौदाने वाढवला. दहात चौदा मिळवले की चोवीस होतात. पत्र वाचून पुढच्या नर्सनं चोवीस युनिट टोचलं, तर मध्यरात्री आजोबांची साखर कुठवर उतरेल हे त्या मुलीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिथं ‘टु फोर्टीन’ हवं होतं.

त्याच पत्रात खाली तिनं लिहिलं होतं, ‘वुई डिस्कस्ड अबाउट हिज डाएट’. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही, तेव्हा हीसुद्धा चूकच. पण या चुकीनं कुणाचा जीव धोक्यात येत नाही. वाचणाऱ्याला अर्थ तोच कळतो. आपल्या शाळांतल्या उत्तरपत्रिकेत मात्र या दोन्ही चुकांना सारखीच लाल रेघ मिळते आणि सारखाच अर्धा मार्क जातो. बारा-पंधरा वर्षं इंग्रजी शिकलेल्या, रुग्णाची नाडी अचूक ओळखणाऱ्या मुलीला आपण आजवर ‘बाय’ आणि ‘टु’ यांतला फरक जिवावरचा आहे हे सांगितलेलं नसतं. ‘प्रिपोझिशन चुकलं’ एवढंच सांगितलेलं असतं. इंग्रजी क्रियापदापुढे कोणतं प्रिपोझिशन येतं, हे शिकवायची आपली पद्धतच चुकते आहे, आणि ती बदलायला आता उशीर करू नये असं मला मनापासून वाटतं.

पद्धत कशी आहे ते बघू. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी पाचवीत एबीसीडी व्हायची. वर्ग कोणताही असो, भिंतीवर तोच तक्ता असतो: एक खोकं, एक चेंडू. चेंडू खोक्यावर, चेंडू खोक्यात, चेंडू खोक्याखाली. ‘ऑन’ म्हणजे वर, ‘इन’ म्हणजे आत, ‘अंडर’ म्हणजे खाली. जागा दाखवण्यापुरतं हे अगदी बरोबर आहे आणि लहान मुलांना ते आवडतंही. घोटाळा पुढे होतो. सातवी-आठवीपर्यंत हीच बरोबरीची चिन्हं वाढत जातात. ‘टु’ म्हणजे ला, ‘विथ’ म्हणजे शी, ‘फॉर’ म्हणजे साठी. मग मुलं प्रामाणिकपणे हिशेब मांडतात. माझ्यावर हसतो, म्हणून ‘लाफ्स ऑन मी’. त्याच्याशी लग्न केलं, म्हणून ‘मॅरीड विथ हिम’. स्टेशनला पोचलो, म्हणून ‘रीच्ड टु द स्टेशन’. गाणी ऐकते, यात प्रत्ययच नाही, म्हणून ‘लिसन साँग्ज’. मुलं इथं आळशीपणा करत नाहीत. आपणच दिलेलं सूत्र ती इमानदारीनं वापरतात.

मग नववी-दहावीला येतात रिकाम्या जागा. ‘शी इज वेटिंग … द बस’, खाली चार पर्याय. घटक चाचणीपासून ते स्पर्धा परीक्षेपर्यंत हाच साचा. रिकामी जागा नेमकी प्रिपोझिशनच्या जागी ठेवली की ते क्रियापदापासून तोडलं जातं. मुलाच्या डोक्यात ‘वेट’ एकीकडे आणि ‘फॉर’ दुसरीकडे राहतं, आणि मधली जागा अंदाजानं भरायची असते. गाइडमध्ये शंभर-शंभर जोड्यांची यादी असते, ती परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होते आणि परीक्षा झाली की जाते. यादी पाठ असलेली मुलगीही बोलताना ‘आय ॲम वेटिंग यू’ म्हणते, हे मी वर्गात कितीदा ऐकलं आहे.

आता एक उलट उदाहरण. मराठीत आपण ‘तुझ्यावर प्रेम करतो’ म्हणतो. ‘वर’ तर स्पष्ट दिसतो आहे. पण ‘आय लव्ह ऑन यू’ म्हणणारा मराठी माणूस मला आजवर भेटलेला नाही. चौथीत शाळा सुटलेला माणूसही ‘आय लव्ह यू’ बरोबर म्हणतो. ‘थँक्यू फॉर कमिंग’ म्हणताना अडखळत नाही, केक कापताना ‘हॅपी बर्थडे टु यू’ गाताना ‘टु’ की ‘फॉर’ असा विचार करत नाही. ही वाक्यं त्यानं व्याकरण शिकण्याच्या कितीतरी आधी, अख्खी, माणसांच्या तोंडून ऐकली. त्यांत रिकामी जागा कधी नव्हतीच, म्हणून ती चुकत नाहीत. सगळी शिकवण या एका गोष्टीत आहे, आणि आपण नेमकं तिच्या उलट वागतो.

मराठीला यात खलनायक ठरवण्याची रीत आहे. ‘तुम्ही मराठीत विचार करता, म्हणून चुकता’ हे वाक्य इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षकानं ऐकलेलं आहे आणि बहुतेकांनी ऐकवलेलंही आहे. नोकरीत असताना तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी मला फळ्यावरचं मराठी वाक्य मुलांसमोर पुसायला लावलं होतं, इंग्रजीच्या तासाला मराठी अक्षर दिसता कामा नये म्हणून. मी ते पुसलं, पण त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. मराठीच्या आधारानंच ही गोष्ट सर्वांत लवकर समजते.

‘ती मला बोलली’ आणि ‘ती माझ्याशी बोलली’. क्रियापद एकच. पहिल्यात बोलणी खाल्ली आहेत, दुसऱ्यात गप्पा झाल्या आहेत. (मुंबईकडे ‘मी त्याला बोललो’ म्हणजे नुसतं ‘सांगितलं’ असंही चालतं, पण आमच्याकडे अजून त्याचा अर्थ खरडपट्टी काढली असाच होतो.) ‘आई मुलाला रागावली’ म्हटलं की आईचा आवाज ऐकू येतो. ‘आई मुलावर रागावली’ म्हटलं तर ती कदाचित दिवसभर एक शब्दही बोललेली नसेल. ‘लोक त्याला हसले’ यात त्याचा अपमान आहे. ‘लोक त्याच्याबरोबर हसले’ यात नाही. यातलं काही कुणी शिकवावं लागत नाही. ‘स, ला, ते’ आणि ‘ने, ए, शी’ घोकून विभक्त्यांचे तक्ते पाठ केलेल्यांनाही हे तक्त्यातून आलेलं नसतं. घरात ऐकूनच आलेलं असतं.

मी नर्सिंगच्या वर्गात पहिल्या दिवशी हीच वाक्यं फळ्यावर लिहिते आणि फरक विचारते. एरवी गप्प बसणाऱ्या मुलीही भराभर सांगू लागतात. त्या जतच्या मुलीच्या घरी कन्नड बोलतात. तिनं कन्नडमधल्याही अशा जोड्या काढून दाखवल्या. मग मी लिहिते, ‘ही शाउटेड टु मी’ आणि ‘ही शाउटेड ॲट मी’. पहिल्यात लांबच्या माणसानं ओरडून काहीतरी सांगितलं आहे, दुसऱ्यात तो अंगावर ओरडला आहे. ‘थ्रो द बॉल टु मी’ म्हणजे झेलायला टाक. ‘ॲट मी’ म्हणजे नेम धरून मारलेला. एका क्रियापदाला दोन वेगळे जोडीदार मिळाले की दोन वेगळे अर्थ होतात, ही कल्पना मराठी मुलाला नवी नाहीच. तो ती पाचव्या वर्षापासून वापरतो आहे. इंग्रजीतले जोडीदार तेवढे त्याला नवे असतात. एवढं कळलं की भीती निम्मी होते. ‘इंग्रजीला काही नियमच नाही’ ही तक्रारही थांबते, कारण मराठीलाही तसा नियम नाही आणि तरी ती आपल्याला येते.

आणि सगळ्या चुका मराठीच्या माथी मारणं वस्तुस्थितीलाही धरून नाही. ‘डिस्कस अबाउट’ ही आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध चूक. पण नायजेरियात आणि मलेशियातही लोक ‘डिस्कस अबाउट’च म्हणतात, आणि तिकडे तर मराठीचा वाराही पोचलेला नाही. कारण इंग्रजीच्या आतच आहे. ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर आहे, नाम आहे तिथं ‘अबाउट’ लागतं. क्रियापद झालं की गळून पडतं. अर्जात ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ हा विषय बरोबर, पण खाली ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ चूक. ‘आन्सर टु द क्वेश्चन’ हे प्रश्नाचं उत्तर, पण प्रश्नाला उत्तर द्यायचं तर नुसतं ‘आन्सर द क्वेश्चन’. ‘एम्फसिस ऑन’ चालतं, ‘एम्फसाइज ऑन’ चालत नाही. कुणाही शिकणाऱ्याला नामाची सवय क्रियापदाला लावाविशी वाटणं अगदी साहजिक आहे. अर्ज-विनंत्यांवर चालणाऱ्या आपल्या कारभारात नामाची रूपंच जास्त वाचायला मिळतात, म्हणून आपल्याकडे ही चूक घट्ट बसली. हे कारण मुलांना सांगितलं की चूक एकदम कमी होते, असा माझा अनुभव आहे. नुसती लाल रेघ मारली की ती तशीच राहते.

इंग्रजीचा हा गुंता कुठून आला, हेही थोडक्यात सांगायला हरकत नाही. जुन्या इंग्रजीत मराठीसारखेच शब्दाला लागणारे विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि त्यांचं बरंचसं काम प्रिपोझिशन करू लागली. १०६६ नंतर नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच आली, पुढे लॅटिनमधून शब्द घेतले गेले, आणि ही नवी क्रियापदं आपापल्या सवयी घेऊन आली. म्हणून घरच्या साध्या ‘टॉक’ला ‘अबाउट’ लागतं आणि बाहेरून आलेल्या ‘डिस्कस’ला लागत नाही, ‘गो’ला ‘इन्टु’ लागतं, ‘एंटर’ला लागत नाही. हा पक्का नियम नव्हे. ‘डिपेंड’ही लॅटिन वळणाचाच शब्द, पण त्याला ‘ऑन’ लागतं. आणि खुद्द इंग्रजीवाल्यांचंही एकमत नसतं. निर्णयाविरुद्ध आवाज उठवताना इंग्रज ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट’ लिहितो, अमेरिकन माणूस नुसतं ‘प्रोटेस्ट द डिसिजन’ लिहितो. ‘डिफरंट’पुढे ‘फ्रॉम’ यावं की ‘टु’ की ‘दॅन’, यावर त्यांच्यातच वाद आहेत. मुलांना हे कळलं पाहिजे. ‘वुई डिस्कस्ड अबाउट’ लिहिणं हे मंद बुद्धीचं लक्षण नाही, हे त्यांना कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. परीक्षेत ते चालत नाही, म्हणून टाळायचं, एवढंच.

कडकपणा हवा तिथं मात्र तो पूर्ण हवा. माझ्या वर्गात काही जोड्यांना माफी नाही. ‘इनक्रीज्ड बाय’ आणि ‘इनक्रीज्ड टु’ ही त्यांतली पहिली. मराठीत ‘चौदाने वाढवला’ आणि ‘चौदापर्यंत वाढवला’ यांत या मुली कधीही चुकत नाहीत, म्हणून आधी मराठीत वाक्य म्हणायचं आणि मगच इंग्रजीत लिहायचं, असा मी दंडक घातला आहे. दुसरी जोडी ‘ट्रीटेड फॉर’ आणि ‘ट्रीटेड विथ’. न्यूमोनियासाठी उपचार झाले ते ‘फॉर’, अँटिबायोटिकनं उपचार झाले ते ‘विथ’. तिसरी ‘कम्प्लेन ऑफ’. केसपेपरवर ‘कम्प्लेन्स ऑफ चेस्ट पेन’ म्हणजे छातीत दुखतं असं रुग्ण सांगतो. ‘कम्प्लेन्ड अबाउट द फूड’ म्हणजे त्याची जेवणाबद्दल तक्रार आहे. आणि चौथी, वॉर्डात रोज ऐकू येणारी. आपण सगळे ‘पेशंटला ऑपरेट केलं’ म्हणतो, म्हणून मुली ‘द सर्जन ऑपरेटेड द पेशंट’ लिहितात. यंत्र चालवलं तर ‘ऑपरेटेड द मशीन’. माणसावर शस्त्रक्रिया केली तर ‘ऑपरेटेड ऑन द पेशंट’. आणि गंमत म्हणजे ‘शस्त्रक्रिया’ हा आपला शब्द वापरला की ‘वर’ आपोआप येतो, ‘पेशंटवर शस्त्रक्रिया केली’. इथं ‘ऑन’ला ‘वर’ नेमका जुळतो.

दवाखान्याबाहेरही अशा जोड्या आहेत. भाडेकरारावर किंवा नोकरीच्या कागदावर ‘ॲग्री टु’ लिहिलं तर अट मान्य केली. ‘ॲग्री विथ’ म्हणजे समोरच्याचं म्हणणं पटलं, त्यानं कसलीही अट मान्य होत नाही. ‘रिझल्टेड इन’ म्हणजे त्यातून पुढे काय घडलं, ‘रिझल्टेड फ्रॉम’ म्हणजे ते कशामुळे घडलं. इथं कार्यकारणच उलटं होतं. परीक्षकांनी मार्क कापायचेच असतील तर अशा ठिकाणी कापावेत.

मग शिकवायचं कसं? यावर १९२०च्या दशकापासून काम झालेलं आहे, आणि ते वर्गात शिकवणाऱ्या माणसांनीच केलेलं आहे. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानमध्ये ओइता इथं शिकवायला गेला. जपानी विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कळतो, पण तो वाक्यात कसा बसवायचा ते कळत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. टोकियोत हॅरल्ड पामर आधीपासून याच प्रश्नावर झटत होते, हॉर्नबी त्यांच्या कामात सामील झाला. गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांबरोबर त्यानं केलेला कोश १९४२ साली जपानमध्ये निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डनं तो पुन्हा छापला. आज जगभर वापरला जाणारा ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश तो हाच. क्रियापदाच्या पुढे काय येतं, थेट कर्म येतं की प्रिपोझिशन, आलं तर कोणतं, हे प्रत्येक क्रियापदाशी दाखवणं हे त्याचं वैशिष्ट्य. आपल्यासारख्या परक्या मुलखातल्या मुलांच्या अडचणीतून तो जन्मला, इंग्लंडातल्या मुलांसाठी नव्हे. आमच्या मुलांच्या दप्तरात मात्र खिशातला इंग्रजी-मराठी कोश असतो, आणि त्यात ‘डिपेंड’समोर ‘अवलंबून असणे’ एवढंच छापलेलं असतं. कशावर अवलंबून, हे सांगणारा ‘ऑन’ तिथं नसतो.

मुलांची शब्दार्थाची वही उघडून बघा. मधोमध घडी, डावीकडे ‘वेट’, उजवीकडे ‘वाट पाहणे’. अशी पानंच्या पानं. माझ्या वर्गात या वहीला बंदी नाही, पण तीत सुटं क्रियापद लिहायला बंदी आहे. डावीकडे ‘वेट फॉर द रिपोर्ट’, उजवीकडे ‘रिपोर्टची वाट पाहणे’. ‘ॲडमिटेड टु द वॉर्ड’. ‘ॲलर्जिक टु पेनिसिलिन’. ‘एक्सप्लेन द प्रोसिजर टु द पेशंट’, कारण ‘समजावून सांग मला’वरून ‘एक्सप्लेन मी’ हमखास येतं. रोज पाच ओळी, त्या मोठ्यानं म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून नव्हे, डावी झाकून, मराठीवरून इंग्रजी सांगायचं. आमच्या वडिलांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर याच रीतीनं इंग्रजी शिकली. त्या पाठमालेत बोलण्याचा सराव नव्हता हे खरं, पण वाक्य अख्खं होतं. भाषांतर मागासलेलं म्हणून आपण ते वर्गातून काढून टाकलं आणि त्याच्या जागी चार पर्यायांची रिकामी जागा आणली. बोलण्याचा सराव त्यानंही आला नाही.

पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्यांकडे माझं मागणं फार मोठं नाही. पाठाखाली शब्दार्थ द्याल तेव्हा क्रियापद त्याच्या प्रिपोझिशनसकट द्या, ‘लिसन’ न देता ‘लिसन टु’ द्या. आणि जिथं प्रिपोझिशन लागत नाही तिथं छोटंसं वाक्यच छापा, म्हणजे ‘एंटर द रूम’ डोळ्यांसमोर राहील. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी रिकामी जागा ठेवायचीच असेल तर ‘वेटिंग फॉर’ दोन्ही शब्द गाळावेत, किंवा एक मराठी वाक्य देऊन त्याचं इंग्रजी मागावं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना कोणती चूक अर्थ बदलते आणि कोणती नाही याची सूचना द्यावी, आणि मार्क त्याप्रमाणे कापावेत. आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक दिवस फक्त यासाठी काढावा. मराठीतल्या ‘बोलणे’ आणि ‘रागावणे’ यांच्यापासून सुरुवात करता येईल. त्याला फळा आणि खडू पुरतो. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर चार मराठी वाक्यं लिहायची परवानगी मात्र वरून यायला हवी.